गाडीतला दुसरा दांडा



मागच्या अंकातल्या हिशेबात 'वाहन दुरुस्ती' या ओळीपुढे १४,६५० रुपये हा आकडा पाहून काहींना आश्चर्य वाटले. दोघांनी फोन केला. एका वडीलधाऱ्या बंधूंनी उपासना संपल्यावर मला दारातच गाठून विचारले, "ताई, त्या जुन्या गाडीत अजून किती घालणार? विकून टाका ना एकदाची." पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, तेव्हा विचारण्याचा हक्कही तुमचाच. हे उत्तर अहवालाच्या एका ओळीत मावणारे नव्हते, म्हणून संपादकांकडून या वेळी जास्त जागा मागून घेतली.

एक गोष्ट आधीच कबूल करते. यातले बहुतेक पैसे वाचले असते. मूळ दोष दोनशे रुपयांच्या आतला होता आणि तो दोन वर्षे माझ्या हाताखाली वाजत होता.

आपली पिकअप चौदा वर्षांची आहे. पुढे दोन ओळींची केबिन, मागे सामानाचा डाला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तिच्यातून प्रवास केला आहे, नाताळात चादरी वाटायला याच गाडीतून आपण डोंगरावर जातो. चालकाच्या डाव्या हाताला तिच्यात दोन दांडे आहेत. एक नेहमीचा गिअरचा. त्याच्या शेजारी दुसरा, जरा आखूड, तो चारही चाके लावण्याचा. बाजूला बसणाऱ्याच्या उजव्या गुडघ्याला तो लागतो, आणि त्या जागेवर बहुतेक वेळा मीच बसलेली असते.

हा दुसरा दांडा वाजायचा. गाडी उभी असताना नाही, फार वेगात असतानाही नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगाने चालली की खड्ड खड्ड खड्ड असा लोखंडी आवाज सुरू व्हायचा. आमचा चालक म्हणायचा, "ताई, थो दांडा धरा बरं, कानाले लागते." मी त्यावर हात ठेवला की आवाज बंद. हात काढला की पुन्हा सुरू. मग मला सवयच झाली. जळगाव जामोदहून निघाले की एका हातात फाइल आणि दुसरा हात दांड्यावर. कधी कंटाळा आला की दांड्याच्या बुडाशी चिंधी कोंबायची. आपण काहीतरी दुरुस्त केले असेच आम्हाला वाटत होते.

आता हा दांडा करतो काय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मलाही ते गेल्या सप्टेंबरपर्यंत नीट माहीत नव्हते.

साध्या रस्त्यावर आपली पिकअप फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. पुढची चाके नुसती दिशा देतात. इंजिनाचा जोर क्लचमधून गिअर बॉक्समध्ये येतो आणि गिअर बॉक्सच्या पाठीला लागून आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून दोन लांब शाफ्ट निघतात, एक मागच्या ॲक्सलकडे, एक पुढच्या. मागचा कायम जोडलेला. पुढचा जोडायचा की नाही, ते दुसरा दांडा ठरवतो. त्याच्या मुठीवर खुणा असतात. आमच्या गाडीत पहिली जागा टू-एच, म्हणजे फक्त मागची चाके. दुसरी फोर-एच, म्हणजे चारही चाके नेहमीच्या वेगात. मग न्यूट्रल. शेवटी फोर-एल, म्हणजे चारही चाके अगदी सावकाश, पण जोर साधारण अडीचपट.

ज्येष्ठ वाचकांना जुनी जीप आठवत असेल. महिंद्रांनी मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि हळूहळू गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचेच दुसरे रूप होऊन बसले. त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे असत, एक पुढची चाके जोडायला आणि एक सावकाश-जलद करायला. आपल्या गाडीत ती दोन्ही कामे एकाच दांड्यावर आली आहेत, एवढाच फरक.

आपल्या कामाला हे कशासाठी लागते? बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा पाहा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा दक्षिणेकडचा भाग सपाट, काळ्या मातीचा. उत्तरेला एकदम सातपुडा उभा राहतो. कोरकू, निहाल, भिल्ल, भिलाला कुटुंबे राहतात ते पाडे वर, भिंगारा, चाळीसटापरी, अंबाबरवा या बाजूला. म्हणजे एकाच फेरीत दोन वेगळ्या अडचणी येतात. खाली काळी माती पावसात फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी भरते की टायर गुळगुळीत होऊन बसतो. शेतकऱ्यांना हे सांगायला नको. वर सुटे दगड, मुरमाचा चढ आणि जागोजागी नाले. दोन्हीकडे मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की पुढच्या चाकांनी ओढून घेतले तरच गाडी निघते. वर्षातले आठ महिने हा दांडा टू-एचमध्ये पडून असतो. उरलेल्या चार महिन्यांसाठीच ही गाडी घेतली आहे.

आता त्या ऑगस्टच्या रात्रीबद्दल. मी हे लिहायचे टाळत होते.

एका पाड्यावरून निरोप आला की पहिलटकरीण सकाळपासून अडली आहे. १०८ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत आली होती, पुढे येऊ शकत नव्हती. आमची पिकअप त्या दिवशी जवळच होती. आम्ही वर गेलो, तिला आणि तिच्या सासूला मागच्या सीटवर घेतले, आशाताई सोबत होत्या. परतीच्या वाटेवर एक नाला आहे, त्यात उतरून लगेच उभा चढ. चालकाने फोर-एच लावला. अर्ध्या चढावर गाडीने 'खट्ट' असा आवाज केला आणि दांडा माझ्या डोळ्यांदेखत आपोआप मागे टू-एचवर आला. मागची चाके फिरू लागली, चिखल उडाला, गाडी तिरकी होऊन नाल्याकडे सरकली. चालकाने पुन्हा लावला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी मी दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला, तरी निसटला. फोर-एलचे आम्हाला त्या घाईत सुचलेच नाही, आणि सुचले असते तरी त्याने काम दिले असते की नाही, कोण जाणे.

शेवटी पाड्यावरची माणसे खाट घेऊन आली. पावसात दीड किलोमीटर त्यांनी तिला खांद्यावर नेले. बाळ रुग्णालयात जन्मले, मुलगी आहे, दोघी सुखरूप आहेत, याबद्दल प्रभूचे आभार मानावे तेवढे थोडे. पण जी गाडी नेमक्या याच कामासाठी दिलेली आहे, ती तिथे नाल्यात आडवी पडून होती आणि मी तिच्या शेजारी चिखलात उभी होते. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढली.

गाडी विकण्याची गोष्ट पहिल्यांदा त्याच आठवड्यात निघाली, आणि सांगायला हरकत नाही, ती मीच काढली होती.

पुढच्या आठवड्यात गाडी खामगावला एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सत्तरीला आलेले आहेत, हाताखाली दोन पोरे. दांडा निसटतो म्हटल्यावर लगेच गाडीखाली जातील असे मला वाटले होते. त्यांनी आधी विचारले, "ताई, ये बजता कबसे है?" मी म्हटले, दोन वर्षे. ते "हां" एवढेच म्हणाले.

त्यांनी गाडी तपासली तो क्रम इथे देते, कारण आपल्या मंडळीत शेतीकामाला जुन्या जीप आणि पिकअप ठेवणारी बरीच घरे आहेत, त्यांना उपयोग होईल.

प्रथम गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. पोराला हळूहळू रेस वाढवायला सांगितली. एका ठरावीक रेसवर खडखड सुरू झाली, त्याच्या वर गेल्यावर थांबली. चाचांनी मुठीवर फक्त दोन बोटे टेकवली. आवाज बंद. म्हणजे आवाज दांड्याचाच होता. बोटे टेकवूनही आवाज राहिला असता तर तो दुसरीकडे शोधावा लागला असता: सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा सैल झाला की अगदी असाच वाजतो, गिअर बॉक्सचे फाउंडेशन रबर बसले की सगळी पेटीच हादरते, आणि शाफ्टचा क्रॉस झिजला असेल तर आवाज फक्त गाडी चालतानाच येतो, उभ्या गाडीत नाही. चाचांनी ही तिन्ही ठिकाणेही टॉमीने रेटून, हाताने हलवून पाहिली. फाउंडेशन ठीक होते. पुढच्या शाफ्टच्या एका क्रॉसमध्ये किंचित ढिलाई निघाली, ती आम्ही लिहून ठेवली.

ठरावीक रेसवरच का वाजते, हा प्रश्न मला पडला होता. मलकापूर-नांदुऱ्याकडे रेल्वेलाइनजवळ ज्यांची घरे आहेत त्यांना याचे उत्तर घरातच मिळेल. गाडी गेली की मांडणीवरची सगळी भांडी हादरतात, पण एखादाच पेला किणकिणतो. प्रत्येक सैल वस्तूची आपली एक हलण्याची गती असते. बाहेरची थरथर तिच्याशी जुळली की ती वस्तू वाजू लागते. दांडा लांब, वर जड मूठ, आणि खाली पकड सैल. इंजिनाची थरथर एका वेगाला त्याच्याशी जुळते. हात ठेवला की आपण त्याची गती बदलतो, म्हणून आवाज थांबतो. झीज मात्र थांबत नाही.

पकड सैल का झाली? दांड्याच्या बुडाशी लोखंडी गोळा असतो आणि तो नायलॉनच्या वाटीसारख्या बुशमध्ये बसतो. बुशच्या वर एक स्प्रिंग किंवा लहरी वायसर, जो गोळ्याला खाली दाबून धरतो. हा सगळा भाग रबरी टोपीने झाकलेला असतो, गाडीत दिसते ती एक टोपी आणि तिच्या खाली आणखी एक. आमच्या खालच्या टोपीला मोठी चीर पडली होती. तिच्यातून दोन-तीन वर्षे धूळ आणि चिखलाचे पाणी आत गेले. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा सँडपेपर होतो. बुश झिजला, गोळा हलू लागला, हलला म्हणून वाजू लागला, वाजला म्हणून आणखी झिजला. चाचांनी काढून माझ्या हातावर ठेवला तेव्हा त्या बुशची एक बाजू कागदासारखी पातळ झाली होती आणि दुसरी तुटून गेलेली होती. वरून आम्ही कोंबलेल्या चिंध्यांचे धागेही निघाले.

आवाज आणि निसटणे यांचा संबंध इथे आहे, आणि मला वाटते या लेखात लक्षात ठेवण्यासारखे हेच आहे. दांडा वर वीतभर हलतो तेव्हा खाली पेटीत एक दातेरी बांगडी, तिला स्लीव्ह म्हणतात, जेमतेम सेंटीमीटरभर सरकते. ती पूर्ण सरकली की पुढच्या शाफ्टच्या दात्यांमध्ये घट्ट बसते. बुश झिजलेला असला तर दांड्याची थोडी हालचाल त्या सैलपणातच वाया जाते. वर आपल्याला दिसते की दांडा फोर-एचवर आला, खाली मात्र स्लीव्ह अर्धीच बसलेली. अर्ध्या दात्यांवर पूर्ण गाडीचे वजन. दोन पावसाळे असे चालवल्यावर दात्यांच्या कडा घासून गोल झाल्या. गोल दात्यांवर जोर पडला की ते एकमेकांना ढकलून बाहेर काढतात, आणि जोर सगळ्यात जास्त पडतो तो उभ्या चढावर. म्हणजे सपाटीवर दांडा कधीच निसटला नाही, तो नाल्याच्या चढावरच निसटला, यात नवल नव्हते.

एक खूण आमच्यासमोर होती तीही आम्ही वाचली नाही. फोर-एच नीट लागला की डॅशबोर्डवर एक छोटा दिवा लागतो. तो दिवा खालच्या पेटीतल्या स्विचवर चालतो, वरच्या दांड्यावर नाही. आमचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. बल्ब गेला असेल म्हणून आम्ही सोडून दिले.

दुरुस्तीचे दोन भाग झाले. पहिला, दांड्याचा, दोन तासांचा आणि स्वस्त. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, दांडा टू-एचमध्ये. मूठ फिरवून काढली, तिच्याखालचा चेक नट जपून ठेवला. वरची टोपी, खालची टोपी. मग चाचांनी ब्रश आणि डिझेलने आजूबाजूची सगळी माती आधी धुऊन घेतली, कारण आता पेटीचे तोंड उघडणार होते आणि त्यात पडलेला एक खडासुद्धा आतले दाते खातो. लॉक काढून दांडा वर उचलला, आणि लगेच त्या भोकावर स्वच्छ फडके बांधले. कोणता वायसर कोणाच्या वर होता, याचे मी मोबाइलवर फोटो काढत गेले. चाचांना त्याची गरज नव्हती, ती मला होती.

नवा बुश त्या दिवशी दुकानात मिळाला नाही. जुन्या गाड्यांचे असेच असते. चाचांनी पोराला लेथवाल्याकडे पाठवले आणि टर्नरने नायलॉनच्या जाड कांडीतून जुन्या मापाचा बुश करून दिला. मी विचारले, पितळेचा केला तर जास्त टिकणार नाही का? ते म्हणाले, टिकेल, पण धातूवर धातू आला की पुन्हा वाजेल, आणि मग झीज गोळ्याची होईल. बुश झिजलेला परवडतो, गोळा झिजलेला परवडत नाही. बसवताना वाटीत थोडेच ग्रीस भरले आणि रबरी टोपीला ते लागू दिले नाही, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते आणि लवकर फाटते.

इथवर खर्च म्हणाल तर बुश आणि वायसर १८० रुपये, दोन्ही टोप्या ४२० रुपये. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आवाज आला तेव्हा गेलो असतो तर, थोडी मजुरी धरून, गोष्ट इथेच संपली असती.

दुसरा भाग म्हणजे ट्रान्सफर केस खाली उतरवणे. स्लीव्ह आणि तिला सरकवणारा काटा ६,४०० रुपये, तेही चाचांनी ओळखीने चांगल्या स्थितीतले जुने मिळवून दिले म्हणून. ऑइल सील आणि पॅकिंग ९५०, ऑइल ९००, आणि सगळ्याची मिळून मजुरी ५,८००. बेरीज करून पाहा, १४,६५० होतात. पावत्या कार्यालयात आहेत, कोणीही येऊन पाहाव्यात.

ऑइलवरून एक गोष्ट सांगते, तेवढी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने लक्षात ठेवावी. ट्रान्सफर केसचे ऑइल बदलताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट उघडून पाहावा, मगच खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून बसला असाल तर गाडी तिथेच उभी. आणि कोणत्या पेटीत कोणते ऑइल लागते ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. काही पेट्यांना जाड गिअर ऑइल लागते, काहींना पातळ.

आता विकण्याच्या प्रश्नाकडे. आपल्या गाडीचे आज दीड-दोन लाख येतील. त्या पैशात चार चाकांच्या जोरावर चालणारी दुसरी गाडी मिळाली तर तीही एवढीच जुनी असेल आणि तिच्या दांड्याखाली काय आहे हे आपल्याला माहीत नसेल. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या पुढे. दोन चाकांची पिकअप स्वस्त मिळते, डांबरी रस्त्यावर चांगली पळते, पण ती त्या नाल्यापर्यंतच जाईल. वडीलधाऱ्या बंधूंना मी हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आधीच का नाही नेली मेस्त्रीकडे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वाडीवस्तीवर जायला दिवस अपुरे पडतात, हे खरे आहे, पण ते काही उत्तर नव्हे.

आता आम्ही काय करतो ते लिहिते. महिन्यातून एकदा, पाऊस असो वा नसो, कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी फोर-एचमध्ये चालवतो. पडून राहिलेला भाग गंजतो, आतले ऑइल फिरत राहिले पाहिजे. दिवा लागला का ते चालक मोठ्याने सांगतो. दिवा लागला नाही तर चढ चढायचा नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-एच लावत नाही. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. आपल्यासारख्या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट पेटीत एकत्र बांधला जातो, त्यामुळे हा फरक कुठेतरी निघावा लागतो. चिखलात चाक जरासे घसरते आणि फरक निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण शाफ्ट आणि दात्यांवर पिळासारखा साठतो आणि दांडा परत टू-एचमध्ये यायचेच नाकारतो. तसे झाले तर दांड्याशी झोंबायचे नाही, लाथ तर मुळीच मारायची नाही. सरळ रेषेत चार-सहा फूट रिव्हर्स घ्यायचे, पीळ सुटतो आणि दांडा दोन बोटांनी येतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे ठेवले आहेत. पूर्वी देणगीत मिळाला तो टायर आम्ही लावत असू.

फोर-एल लावताना गाडी पूर्ण थांबवतो, क्लच दाबतो, मग दांडा ओढतो. त्या रात्री आम्ही विसरलो होतो तो हाच. त्याचा खरा उपयोग चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतो, हेही मला चाचांकडून कळले. धान्याची पोती भरून डोंगर उतरताना फोर-एलमध्ये पहिल्या गिअरवर गाडी सोडली की इंजिनच तिला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत.

आणि दर रविवारी गाडी धुताना त्या दोन रबरी टोप्या बोटाने चाचपून पाहतो. तेवढे काम माझ्याकडे आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी, शेवटच्या पावसात, आम्ही त्याच वाटेने वर गेलो होतो. त्या मुलीचे वजन करायचे होते, लसही राहिली होती. नाल्याशी चालक थांबला, दांडा लावला, दिवा लागला, "लागला ताई" म्हणाला, आणि गाडी चढली. आवाज नव्हता. माझा हात सवयीने दांड्यावर गेला तेव्हा चालकाने तो बाजूला करायला लावला, कारण चाचांनी बजावले होते की चालत्या गाडीत दांड्यावर हाताचे वजन ठेवले तरी आतला काटा घासतो.

पुढच्या अंकात 'वाहन दुरुस्ती' या ओळीत साधारण अडीच हजार रुपये दिसतील. ते पुढच्या शाफ्टच्या त्या ढिल्या क्रॉसचे आहेत. या वेळी वाजायच्या आधीच बदलून घेत आहोत.